शंख कोणी पाडला

ही गोष्ट मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली आणि दर वेळी खोटी सांगितली.

मी मूल गावातल्या एका राइस मिलमध्ये मशीन पाहतो. दोन वर्षांपूर्वी बायको आणि सहा वर्षांच्या लेकीला घेऊन कोकणात समुद्र पाहायला गेलो. ओहोटीच्या खडकांत मला एक नक्षीदार शंख सापडला, आत जीव असलेला. तो लेकीच्या तळहातावर ठेवून मी फोटोसाठी मोबाइल काढला. तेवढ्यात बायकोनं तिच्या हातावर फटका मारून शंख पाडला. मी चारचौघांत बायकोवर खेकसलो, तिला गावंढळ म्हणालो.

बायको तलावात मासे धरणाऱ्या घरातली. ती एवढंच म्हणाली, "आपल्या तलावातला शंख हाती घेतला का आत जाते. हा तं सोंड बाहेर काढून राह्यला."

जवळच्या एका कोळ्यानं शंख पाहिला आणि तो मागंच सरकला. हा सोंडेतून विषारी काटा मारून मासे धरतो, माणूसही दगावतो, असं त्यानं सांगितलं. मी लेकीचा हात उलटापालटा करून पाहिला. बायकोची मात्र माफी मागितली नाही.

परत आल्यावर मिलमध्ये सांगताना बायकोच्या जागी मीच आलो. लोकांनी वाहवा केली. मग जीभ सरावली आणि मी तिच्यादेखत सांगू लागलो. ती ऐकून घ्यायची.

यंदा दिवाळीत सासुरवाडीला गेलो. तलावातले शंख वेचायला तिला सासऱ्यांनीच शिकवलेलं, आणि मी त्यांनाही तेच ऐकवलं, सोंड पाहून मीच ओळखलं असं सांगून. लेक मध्येच म्हणाली, "पण शंख तं आईनं पाडला होता."

सगळे बायकोकडे पाहू लागले. ती चुलीपाशी बसली होती. "नाई व माय," ती म्हणाली, "तुह्या बाबानंच पाडला. तू लहान होतीस, तुले आठवत नसन."

मी तलावात कधी गुडघाभरसुद्धा उतरलेलो नाही, हे सासऱ्यांना ठाऊक होतं. त्यांनी एकदा आपल्या मुलीकडे पाहिलं. मग जावई हुशार आहेत, असं म्हणून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मला इतकी लाज वाटली की मान वर होईना.

लेक माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा, मंग माह्या हातावर कोणी मारलं होतं?"

"मी," मी म्हणालो, आणि तिनं ते खरं मानलं.