गालानं कापलेली माफी

हसू नका म्हटलं की तुम्ही आधी हसाल, म्हणून म्हणतच नाही. चहा घ्या आणि माझ्या मूर्खपणाची गोष्ट ऐका. मूर्खपणा माझा की फोनचा, हे मला अजून धड कळलेलं नाही.

सुनंदाचे, म्हणजे आमच्या बायकोचे, थोरले भाऊ बपेऱ्याला राहतात. आम्ही दोघंही त्यांना दादा म्हणतो. दादांनी नवीन घर बांधलं. गृहप्रवेशाला गेलो, पोटभर जेवलो, आणि स्वयंपाकघराचा दरवाजा पाहून चार पाहुण्यांत बोलून गेलो, "दादा, तुम्हाले घर बांधाची अक्कल नाही जी! यातून फ्रिज कसा जाईन?"

सगळे हसले. दादा नाही हसले.

आणि दुसऱ्या दिवशी फ्रिज खरंच गेला नाही हो! चौकट फोडावी लागली. आता सांगा, यात माझा काय दोष? पण बोलणं बंद झालं ते झालंच.

चार महिन्यांनी दादांच्या नातवाचं बारसं ठरलं. आमंत्रण आलं फक्त सुनंदाला. ती म्हणाली, "अवो, तुम्ही माफी मागा. नाही तर मी एकटीच जाईन, आन् वापस कधी येईन ते सांगत नाही."

माणूस घाबरणार नाही तर काय! मी मोहाडीच्या शाळेत मराठीचा मास्तर. मुलांना निबंध शिकवून शिकवून केस गेले. तेव्हा माझी माफीसुद्धा प्रस्तावनेसकट. कागदावर मुद्दे काढले आणि दुपारी फोन लावला.

त्याच सकाळी फोननं अपडेट मागितलं होतं आणि मी 'होय' दाबलं होतं. घड्याळाचे आकडे तेवढे मोठे दिसायला लागले. बाकी मला काही फरक कळला नाही.

"दादा, नमस्कार जी. मोहाडीहून बोलून राहिलो."

"बोला," तिकडून अगदी थंड आवाज.

मी सुरू केलं. नात्यांचं महत्त्व, रागाचे तोटे, सगळं. दोन-तीन मिनिटं बोललो असेन.

"हॅलो?" दादा म्हणाले. "हॅलो! बोला ना जी!"

आता काय बोलू? बोलतोच तर आहे! मी आवाज चढवला.

"हॅलो! आवाज नाही येऊन राहिला!"

मला वाटलं, मुद्दाम करतात. राग आहे ना अजून! मग मी असा ओरडलो की शेजारचं कुत्रं उठून बसलं. "त्या दिवशी मी म्हणालो, तुम्हाले घर बांधाची अक्कल नाही. ते माझं चुकलं, दादा!"

"काय म्हणाले?" दादा कडाडले.

आलं ऐकू! मला हुरूप चढला. "तुमच्या घरी पाय ठेवणार नाही, असं तर माझ्या मनातही आलं नाही!"

"नका ठेवू!"

हे काय उत्तर झालं? मी गोंधळलो, पण शेवटचा मुद्दा राहिला होता. "दादा, गाढव तर मी आहो!"

"गाढव? मले गाढव म्हणता?" आणि फोन बंद.

पाच मिनिटांत सुनंदाला वहिनींचा फोन. ती ऐकत होती आणि माझ्याकडे बघत होती. मी आपला कागदावरच्या मुद्द्यांकडे.

"तुम्ही दादाले गाढव म्हणाले?"

"मी मले म्हणालो!"

"त्यायच्या घरी पाय ठेवणार नाही म्हणाले?"

"नाही म्हणालो."

"म्हणजे, 'नाही' म्हणाले?"

"अवं, पाय ठेवणार नाही असं नाही, असं म्हणालो!"

यातून काय अर्थ निघतो, ते मलाच समजेना. तिला काय समजणार?

शेवटी ती अंगणात गेली आणि तिथून मला फोन लावला. "बोला आता. पाहू कसे बोलता."

मी फोन कानाला लावला आणि मन मोकळं केलं. "सुनंदा, तू या घरात नसली तर मले चालणार नाही."

ती तावातावानं आत आली. "मी या घरात चालणार नाही? काहून?" आणि मध्येच थांबली. "अवो, तुमच्या गालावर उजेड काहून पडून राहिला?"

तेव्हा कुठे उलगडा झाला. फोन कानाला लावला की पडदा आपोआप काळा होतो ना? फोनच्या वरच्या कडेला एक बारीक डोळा असतो, त्याला आपला चेहरा जवळ आलेला कळतो. अपडेट झालं आणि त्या डोळ्याला झोपच लागली! पडदा चालूच राहिला आणि माझा गुबगुबीत गाल आवाज बंद करायचं बटण दाबत बसला. एकदा दाबलं, बंद. पुन्हा दाबलं, चालू. आणि काय नेम बघा गालाचा! सगळी माफी बंद आवाजात गेली आणि शिव्या तेवढ्या खणखणीत पोचल्या.

"आता स्पीकरवर बोला," सुनंदा म्हणाली. "गाल दूर ठेवा."

मी फोन टेबलावर ठेवला, हात मागे बांधले आणि शिक्षा झालेल्या पोरासारखा उभा राहिलो. दादांनी फोन उचलला. मी आधी गालाची हकीकत सांगितली. मग माफी, पहिल्यापासून. प्रस्तावना, तीन उदाहरणं, समारोप. काही सोडलं नाही. घशाला कोरड पडली.

तिकडे शांतता. मी वाकून पडदा पाहिला. पुन्हा बटण दाबलं गेलं की काय?

"दादा, आईकू आलं ना जी?"

"आलं. सगळंच्या सगळं आलं." दादांनी लांब श्वास सोडला. "जाऊ द्या, झालं गेलं. बारशाले दोघंही या."

सुनंदानं डोळे पुसले. मीही खुर्चीवर टेकलो.

"पण जावईबापू, एक सांगू काय?"

"सांगा ना, दादा!"

"तुमचं मघाचंच बोलणं बरं होतं जी. थोडक्यात होतं."