आक्काच्या वाट्याचा रिमोट

राजमती आक्काला घाबरत नाही असा माणूस निपाणीत कुणी असेल, तर तो अजून तिच्या गिरणीवर दळण घेऊन गेलेला नाही, एवढंच. पट्टा कितीही धडधडू दे, आक्काचा आवाज त्याच्या वर. "ओळीत या रं! आधी ज्वारी, मग गहू!" आई-आप्पा गेले तेव्हा ती जेमतेम विशीतली. पाठीवर भूपाल, वृषभ आणि चिमुरडी त्रिशला. गिरणी तिनं चालवली, तिघांना वाढवलं, आणि तिच्या लग्नाचा विषय कुणी काढलाच तर त्या विषयाचंही पीठ करून टाकलं.

घरात टीव्ही एक आणि मतं चार. भूपालला क्रिकेट, वृषभला कानडी सिनेमे, त्रिशलाला कबड्डी आणि आक्काला एक रडकी मालिका. रिमोटवरून रोज महाभारत. शेवटी आक्कानं कायदा केला. जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायचीच. "जो पयला जेवून आपलं ताट घासंल, त्याचा रिमोट," ती म्हणाली. झालं! घास चावायचा का गिळायचा, कुणाला भान राहीना. भूपाल हात झटकत टीव्हीकडं पळाला की त्रिशला मोरीपाशी बसल्या बसल्या त्याचा घोटा धरायची. एवढा सहा फुटी गडी, पण धाडकन फरशीवर आडवा! रिमोट पोरीच्या हातात.

आक्का वाढणारी, म्हणजे शेवटी जेवणारी. या कायद्यानं तिच्या हाती रिमोट कधीच आला नाही, आणि कायदा करणारीच्या ते ध्यानातही आलं नाही. मालिकेचा अर्धा तास तेवढा तिच्या नावानं राखीव होता. तोही त्रिशला तालुक्याच्या संघात गेल्यावर तिनं सोडून दिला. "त्यात रडण्याबिगर काय हाय? तू कबड्डी बघ, शीक." मालिकेत पुढं काय झालं, हे मात्र दळणाला येणाऱ्या जयाबाईला रोज खोदून खोदून विचारायची.

यंदा आषाढात भूपाल आणि वृषभची अशी जुंपली, अशी जुंपली, की ओढाओढीत रिमोट आमटीच्या पातेल्यात पडला. आक्काचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, चातुर्मासाला आलेल्या महाराजांपुढं लोक नियम घेत होते. कुणी गोड सोडलं, कुणी चप्पल. आक्का तरातरा पुढं गेली. "महाराज, चातुर्मास सरंपर्यंत मी टीव्ही बघणार न्हाय." सगळ्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. तशी ती आधी तरी कुठं बघत होती म्हणा! घरी येऊन भावांना म्हणाली, "घ्या, माझा एक वाटा कमी झाला. आता बसा भांडत."

आणि महिन्याभरात बातमी आली. त्रिशलाची राज्याच्या संघात निवड झाली होती, धारवाडला सामना होता, आणि तो टीव्हीवर दाखवणार होते!

गल्ली पेढे मागायला आली. आक्कानं हसत पेढे वाटले आणि आत येऊन भिंतीला टेकून बसली. पदरात तोंड खुपसून रडली. जिला कडेवर घेऊन गिरणीचा पट्टा चढवला, ती पोर उभ्या देशाला दिसणार, आणि आपल्यालाच बघता येणार नाही.

भावांची तोंडं एवढीएवढीशी झाली. वृषभ म्हणाला, "आक्का, मोबाईलवर बघ की. मोबाईल म्हंजे काय टीव्ही हाय व्हय?"

"महाराजांना सांगून नियम सोडवून घिऊया," भूपाल म्हणाला.

"महाराजांना सांगशील रं," आक्का म्हणाली. "माझ्या मनाला काय सांगू?"

त्या दिवसापासून गिरणीवर आक्काचा आवाज ऐकू येईना. गिऱ्हाइकं रांग मोडत होती, तरी ती गप्प. आणि एका सकाळी जयाबाईचं दळण अर्ध्यावर असताना तिनं खटकन बटण बंद केलं. "जयाबाई, मी टीव्ही सोडलाय. पोरीला कुठं सोडलंय? जातो की मी धारवाडला!"

बेळगावच्या पुढं कधी न गेलेली बाई. भाऊ सोबत निघाले, तर त्यांना म्हणाली, "गिरणी कोण बघणार? आन् घरात टीव्हीपुढं कुणीतरी पायजे. तुम्ही बसा, भांडू नका." दशम्या बांधून घेतल्या आणि एकटी बसमध्ये चढली.

मैदानावर दिवस मावळायच्या आत तिनं दशम्या खाल्ल्या, चूळ भरली आणि खुर्चीवर मांडी ठोकून बसली. सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या चढाईला समोरची एक आडदांड पोरगी आत शिरली, एकीला हात लावला आणि मध्यरेषेकडं सुटली. कोपऱ्यात त्रिशला दबा धरून होती, मोरीपाशी बसायची अगदी तश्शी. तिचा हात सपकन पुढं गेला.

आक्का खुर्चीवर उभी राहून ओरडली, "सोडू नगंस! भूपाल पळतोय, धर त्याला, धर!"

घोटा सापडला. पोरगी आडवी झाली. सामना जिंकला!

शेजारची बाई कानडीत विचारायला लागली, कोण ही मुलगी? आक्काच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. "नम्म हुडगी री," ती म्हणाली, "आमची पोरगी!" तेवढ्यात त्रिशला धापा टाकत कठड्यापाशी आली. "आक्का, तू? हितं?"

"मग काय, टीव्हीवर बघू?"

परत आली तर निपाणीच्या स्टँडपासून जो तो म्हणतोय, "आक्का, टीव्हीवर काय दिसलासा! खुर्चीवर उभ्या!" आक्का म्हणाली, "दिसलो असंन. मी कुठं बघितलंय?" वृषभनं सामना मोबाईलवर उतरवून ठेवला होता, पण तिनं तिकडं मान वळवली नाही.

दिवाळीला चातुर्मास संपला. त्या संध्याकाळी आक्का नेहमीसारखी सगळ्यांच्या मागनं जेवली आणि ताट उचलून मोरीकडं निघाली. भूपालनं ते तिच्या हातातून ओढून घेतलं, खसाखसा घासलं, पुसलं आणि फळीवर ठेवलं. बाकी तिघांची ताटं खरकटीच पडून होती. मग त्यानं रिमोट आणून तिच्या हातात दिला.

"पयलं ताट तुझं घासलंय, आक्का. कायद्यानं रिमोट तुझा."

आक्कानं एकदा रिमोटकडं बघितलं, एकदा मोरीकडं. "खरकटी ताटं तशीच ठिवलीसा व्हय रं?" ती गिरणीवरच्या आवाजात ओरडली. रिमोट मात्र तिनं हातातून सोडला नाही.