बचावाचे नऊ गुण

चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या माणसाकडून लोकांची एकच अपेक्षा असते. त्यांना नीट दिसावं. या चष्मेवाल्याने ती बावीस वर्षं चोख पुरी केली. त्याला स्वतःला एकदा काय दिसलं होतं हे कुणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायची त्याला सवय नव्हती.

लेकीला कांजिण्या झाल्या, पंधरा दिवस घरात कोंडून घ्यावं लागलं. तिला रमवायला त्याने फ्रेमच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून पत्ते केले. तरुणपणी तो आणि त्याचा थोरला भाऊ गल्लीच्या फुटबॉल संघात होते. त्या संघाचा जुना फोटो समोर ठेवून त्याने अकराही जणांची चित्रं काढली. खेळ सोपा होता. प्रत्येक खेळाडूची दोन पानं. शेजाऱ्याच्या हातातलं एक पान न बघता ओढायचं, जोडी जमली की खाली टाकायची आणि पानावरचे गुण आपले. गोलकीपरचं मात्र एकच पान, जोडी नाही, गुण शून्य. ते शेवटी ज्याच्या हातात उरेल त्याने भिंतीकडे तोंड करून ‘गोल’ म्हणून ओरडायचं.

हा गोलकीपर म्हणजे थोरला भाऊ, दादा. अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला तो एका कोपऱ्यात झेपावला आणि बॉल दुसऱ्या कोपऱ्यातून आत गेला. गल्लीने त्याच संध्याकाळी त्याचं नाव ‘सताड’ ठेवलं, सताड उघड्या दारावरून. पानावर तेच नाव होतं. चित्रातले कान चौकटीबाहेर गेले होते, कारण फोटोतही ते जवळजवळ गेलेच होते. बचावपटूच्या पानावर चष्मेवाला स्वतः होता. त्याने स्वतःला नऊ गुण दिले. दहा म्हणजे आत्मस्तुती झाली असती.

घरात खेळ भलताच रंगला. स्वतःचंच पान हातात उरलं की दादा भिंतीकडे तोंड करून असा काही ओरडायचा की लेकीची हसून हसून मुरकुंडी वळायची. सगळ्यात मोठ्याने दादाच हसायचा. भाऊजी फार मोठ्या मनाचे आहेत, असं चष्मेवाल्याची बायको म्हणायची. त्यावर चष्मेवाला पत्ते पिसायला घ्यायचा.

पुढे नंबर वाढला म्हणून खेळण्यांचा एक दुकानदार चष्मा करायला आला. काउंटरवरचा पुठ्ठ्याचा कॅट त्याला दिसला. काचा तयार होईपर्यंत तो दोन डाव खेळला, दोन्ही हरला, आणि हे बाजारात आणा म्हणाला. दादाला अर्थातच विचारलं होतं. म्हणजे सगळे एकत्र जेवत असताना “छापतोय हं” असं सांगितलं होतं, आणि दादाने मान हलवली होती. ती पाणी नको म्हणूनही हलली असेल.

पहिली छपाई दीड महिन्यात संपली. दुकानदाराला आता पाचपट खोकी हवी होती, आणि खोक्यावर तो कानवाला. मुलं खेळाचं नाव विसरतात, म्हणाला, ‘सताड द्या’ म्हणतात.

त्याच आठवड्यात लेक दप्तर टाकता टाकता म्हणाली, “बाबा, काका घरी हसतात तसे व्हॅनमध्ये हसत नाहीत.”

दादा शाळेची व्हॅन चालवतो. मुलं बसली की दरवाजा ओढतो, लागल्यावर पुन्हा दोनदा ओढून बघतो. दुसऱ्या दिवशी चष्मेवाला शाळा सुटायच्या वेळी रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. व्हॅनमध्ये डाव संपला होता, आणि हरलेल्याला सोडून सगळी मुलं पुढच्या सीटकडे बघत ‘सताड, सताड’ म्हणून तालात ओरडत होती. दादा आरशात बघून हसत होता. ओळखपत्राचा फोटो काढताना हसतात, तसं.

त्या अंतिम सामन्यात बॉल चष्मेवाल्याच्या टाचेला लागून वळला होता. दादाने उडी बरोबर बाजूला मारली होती. धूळ होती, गर्दी होती, आणि गोल झाल्यावर सगळे गोलकीपरकडेच बघतात. उद्या सांगू, असं त्याने त्या रात्री ठरवलं होतं. उद्यापर्यंत नाव चिकटलं. आठवड्याने सांगणं विचित्र दिसलं असतं, वर्षाने तर वेडेपणा. मग दादाला मुलगे झाले, आणि त्यांच्यासमोर विषय काढायला नको वाटलं.

रविवारी तो दादाकडे गेला. दादा व्हॅन धूत होता.

“दादा, खोक्यावर तुझं चित्र नको म्हणतोय मी.”

“का रे?”

“पोरं चिडवतात तुला.”

“पोरं चिडवणारच. गल्ली काय कमी चिडवत होती?” दादाने फडका पिळला.

त्या मॅचमध्ये, एवढं चष्मेवाला म्हणाला, आणि पुढचं वाक्य बावीस वर्षं जिथे बसलं होतं तिथेच बसून राहिलं.

दादा टायर पुसायला खाली वाकला. “खुशाल छाप. माझ्या शून्याला हात लावू नकोस,” तो टायरलाच म्हणाला. “तुझे नऊ तेवढे जरा कमी कर.”

दोन करायचे, असं ठरवून चष्मेवाला दुसऱ्या दिवशी सकाळी घरून निघाला. छापखान्यापर्यंत पाच झाले. छापखान्याच्या मालकाने याच्याच दुकानातला चष्मा नाकावर सरकवून, नऊच्या जागी काय, असं विचारलं, तेव्हा तोंडातून सात निघालं. आणखी काही दुरुस्ती? खोक्यावरची चौकट रुंद करा, म्हणाला, कान आत मावू देत.

नवं खोकं त्याने शाळेपाशी जाऊन दादाच्या हातात दिलं. दादाने खोक्यावरच्या स्वतःकडे पाहिलं नाही. पानं चाळून धाकट्या भावाचं शोधून काढलं आणि लांब धरून वाचलं.

“दोन कमी,” तो म्हणाला. “बावीस वर्षांत दोन. बरं आहे.”

मग त्याने मुलं मोजली, दरवाजा लावला आणि दोनदा ओढून बघितला.

दुकानदार हल्ली तिसऱ्या छपाईचं विचारतोय. चष्मेवाला त्याला सांगतो, थांबा जरा, एक आकडा अजून नक्की व्हायचाय.