रोह्याचा दहावा माणूस

सैन्याचा विषय आमच्या घरात निघाला तो गणपतीच्या हंगामात. गणपती आमचा नाही, आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. पण पेणमध्ये राहून त्या हंगामातून कोण सुटलंय? मूर्ती बाहेरगावी पाठवायची लाकडी खोकी आमच्या ह्यांच्या सुतारशाळेत व्हायची, आणि त्या दिवसांत भुसा आमच्या आमटीतसुद्धा असायचा. अशा धांदलीत इस्राएलहून, दिमोनाहून, माझ्या बहिणीचा फोन आला. आईनं अंथरूण धरलं होतं. मला आणि नातवाला एकदा बघायचं म्हणत होती.

घोडं अडलं होतं नातवापाशी. लग्नानंतर आम्ही दोघं तिकडेच गेलो होतो, मुलाचा जन्म तिथला. ह्यांचं मन तिथं रमेना, तेव्हा मुलगा शाळेत जायच्या आत आम्ही पेणला परतलो. पासपोर्ट मात्र त्या देशाचे राहिले. म्हणून दर वर्षी अलिबागला जाऊन इथं राहण्याच्या परवान्यावर शिक्का मारून आणायचा, आणि वडखळपासून अलिबागपर्यंत मी ह्यांच्या नावानं बोटं मोडायची, असा आमचा नेम होता. आता त्या देशाचा नागरिक म्हणजे अठरा पूर्ण झाली की सैन्यात, मग तो पेणमध्ये का राहीना; आणि आमच्या मुलाला सतरावं लागलं होतं. आईबापांबरोबर लहानपणीच देश सोडलेल्या मुलाला सवलत मिळायची, पण ती मुंबईच्या वकिलातीत जाऊन रीतसर मागावी लागे. बहीण म्हणाली, ते मिटवल्याशिवाय त्याला आणू नकोस. येऊ देतील, पण परत जाताना विमानतळावर अडवतील.

सैन्याची मला भीती वाटायची, आणि ती सांगायला मला कधी लाज वाटली नाही. दिमोनाला आमच्या इमारतीत सगळ्यांच्या घरी रेडिओ चालू असे. दर तासाला बातम्यांआधी टिक् टिक् वाजलं की पोरं सैन्यात असलेल्या बायकांचे हात कामातच थांबायचे. बातम्या संपल्या की पुन्हा कांदा चिरायला लागायच्या. मला तसं जगायचं नव्हतं.

पेणहून पहाटेची एसटी धरून आम्ही तिघं मुंबईला गेलो. वकिलातीत टेबलापलीकडे एक बाई होत्या, माझ्यापेक्षा लहान, केस आखूड कापलेले. माझं हिब्रू मोडकंतोडकं, पण पोटच्या पोराचा प्रश्न असला की माणसाला कुठलीही भाषा येते. सगळं नीट चाललं होतं. मग त्यांनी शाळेचा दाखला उचलला आणि वाचता वाचता थांबल्या.

शाळा रोह्याची. पालक म्हणून मामाचं नाव.

मुलगा आईबापांजवळ राहत नाही का, असं त्यांनी विचारलं. सवलत आईबापांबरोबर राहणाऱ्या मुलाला आहे. याला मामाकडे सोडून तुम्ही दोघं इस्राएलमध्येच राहत असाल, तर सवलतीचा प्रश्नच येत नाही. बोलण्यात राग नव्हता, म्हणून मला जास्तच धडकी भरली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मुलगा रोह्याला का गेला, हे आमच्यातल्या माणसाला सांगावं लागलं नसतं. आमच्यात दहा पुरुष जमल्याशिवाय प्रार्थना पुरी होत नाही, पेटीतली धर्मग्रंथाची पोथी बाहेर काढता येत नाही. एकेक घर इस्राएलला गेलं आणि रोह्याच्या आमच्या मशिदीत नऊच पुरुष उरले. प्रार्थनेच्या जागेला आम्ही जुनी माणसं मशीदच म्हणतो. मुलाला तेरा वर्षं पूर्ण झाली, म्हणजे आमच्या रीतीनं तो मोजणीत धरण्यासारखा पुरुष झाला, आणि आठवड्याच्या आत माझा भाऊ पेणला हजर. चहासुद्धा घेतला नाही त्यानं.

"नऊ जनं बसतो आनि उठून घरी जातो," तो म्हणाला. "तुजा पोर दे गो. दुसरं कायपन मागत नाय."

शनिवार पाळायचा म्हणजे त्या दिवशी गाडीत बसायचं नाही, तेव्हा मुलानं शुक्रवारपासून रोह्यात असायला हवं. त्यापेक्षा तिथंच शाळेत घालू, रविवारी पेणला येईल, असं ठरलं. शाळेत नाव घालताना मामानं पालक म्हणून स्वतःचं नाव दिलं, आणि त्यात काही वावगं आहे असं आम्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

हे सगळं मी त्या बाईंना सांगितलं. शब्द सापडले नाहीत तिथं बोटं मोजून दाखवली, नऊवर थांबले आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी दाखला बाजूला ठेवला. मग विचारलं, तुम्ही दोघं इथंच राहता याला पुरावा काय? ह्यांनी पिशवीतून अलिबागचे परवाने काढले, एकही वर्ष न चुकवलेले. त्यांनी प्रत्येक शिक्का पाहिला, दोनदा मागे जाऊन पाहिला.

सवलत मिळेल, असं त्या म्हणाल्या. मुलगा आजीला भेटायला जाऊ शकेल, ठरावीक मुदतीपुरता. पण एक अट होती आणि ती त्यांनी सावकाश, मला कळेल अशी सांगितली. आईबाप बाहेर राहतात तोवरच ही सवलत. आम्ही पुन्हा तिथं राहायला गेलो, तर मुलाला सैन्यात हजर व्हावं लागेल. हे मान्य असल्याची दोघांनी सही करायची.

ह्यांनी लगेच केली. ह्यांना कुठं जायचं होतं? माझं सगळं माहेर तिकडे, एक रोह्याचा भाऊ सोडला तर. दर फोनवर आई विचारायची, कायमची कधी येतेस, आणि मी म्हणायची, एवढं ह्याचं शिक्षण होऊ दे. ते मी तिची समजूत काढायला म्हणत नव्हते. मला खरंच जायचं होतं.

पेन हातात घेऊन मी तशीच बसले. मुलाच्या ते लक्षात आलं.

"आई, सही नको करू," तो हळूच म्हणाला. "तीन वर्षांचा तर प्रश्न आहे, मी जाईन सैन्यात. तू राहा आजीजवळ."

मी सही केली. इतकी घाईनं केली की शेवटचं अक्षर रेघेबाहेर गेलं.

खोकी मार्गी लागल्यावर आम्ही दोघं मायलेक दिमोनाला गेलो. आई पलंगावर एवढीशी झाली होती. तिनं नातवाचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, त्याच्याकडून रोह्यातल्या प्रत्येक घराची खबर घेतली. कायमची कधी येतेस, हे मात्र एकदाही विचारलं नाही. बहिणीनं तिला सहीचं सांगितलं होतं. मुदत संपत आली तशी मी रोज वाट पाहायची, आज बोलेल, आज रागावेल. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

निघायच्या सकाळी मी तिच्या पाया पडले. आपल्यात निघताना जाते कुणी म्हणत नाही, येते म्हणतात. मला ते म्हणायचं होतं, आणि तोंडातून शब्द निघेना. तिनं थोडी वाट पाहिली. मग माझा हात सोडला.

"जा गो," ती म्हणाली. "जा."