देवीडॉक्टरांचे चार रविवार

बोलता बोलता डाव्या हाताची बाही दंडाच्या वर सारायची, ही त्यांची सवय होती. समोर रडणारे पोर असो, गावचा पाटील असो नाहीतर आमचे साहेब असोत, बाही वर जायचीच. दंडावर देवी टोचल्याचे वण ओळीने होते. "हे बघा, आधी मला टोचलंय. मेलो का?" एवढेच त्यांचे भाषण.

मुंबई राज्य असतानाची ही गोष्ट. मी पनवेलला लोकल बोर्डाच्या कचेरीत कारकून होतो आणि ते तालुकाभर देवी टोचत हिंडत. हुद्दा व्हॅक्सिनेटरचा, पण सगळे त्यांना देवीडॉक्टर म्हणत. मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती. कचेरीत त्यांचे टेबल माझ्या शेजारी आणि बिऱ्हाडही माझ्याच चाळीत, एका भिंतीपलीकडे. त्यामुळे ते पहाटे कोणती भजने म्हणतात आणि किती बेसूर म्हणतात, हे मला चांगले ठाऊक होते.

ख्रिस्ती माणूस शांत असतो असा माझा समज होता. तुमचाही असेल. तो त्यांनी पहिल्याच आठवड्यात मोडला. चहा पुन्हा उकळून दिला म्हणून ते हॉटेलवाल्यावर उखडत, सायकल उन्हात लावली म्हणून शिपायावर. बाजारातल्या न्हाव्याशी तर त्यांचे भांडण इतके नियमित, की नाताळच्या आधी समेट व्हायचा आणि संक्रांतीच्या आत मोडायचा.

समेट नाताळच्याच आधी का, हे मला पहिल्या डिसेंबरात कळले. नाताळपूर्वीचे चार रविवार ते पाळत. त्याला आगमनकाळ म्हणतात, असे त्यांनी सांगितले.

"उपास असतो का?" मी विचारले.

"आमच्यात नाही. वाट पाहायची."

"म्हणजे करायचं काय?"

"भाऊसाहेब, तुमच्याकडे व्याही येणार असले तर तुम्ही नुसते दारात उभे राहता का? घर आवरता ना? प्रभू येणार म्हटल्यावर जे राहिलंय ते करायचं."

राहिलेल्या कामांची त्यांनी एका कागदावर यादी केलेली असे. सगळी माणसांचीच नावे. वर्षभरात ज्यांना तोडून बोलले, ते सगळे. गावात चार-पाच ख्रिस्ती घरे होती, ती रविवारी सकाळी कोणा एकाकडे प्रार्थनेला जमत. प्रार्थना आटोपली की हे कागद खिशात घालून निघत. माफी मागण्याची रीतही त्यांच्यासारखीच. "माझं चुकलं. आता बस म्हणतोस की नाही?" समोरचा घाबरूनच बस म्हणे.

एका वर्षी मात्र त्या यादीत असे नाव आले, की तिथे जायला त्यांचे पाय उचलेनात.

हिवाळा हा देवी टोचण्याचा हंगाम. दिवाळीनंतर ते खाडीकाठच्या एका गावात गेले होते. मिठागरांवर राबणाऱ्या आगरी लोकांचे गाव. तिथल्या एका म्हातारीने आपल्या नातीला भाताच्या कणगीत लपवले. देवी अंगावर आली तर तिची सेवा करायची, तिला टोचून हाकलायची नाही, असे म्हातारीचे म्हणणे. अर्धा तास समजावून झाले, बाही वर करून झाली. म्हातारी कणगीपुढून हलेना. मग यांचा तोल गेला. अंगणात देवीचा मातीचा लहानसा ओटा होता, त्यावर शेंदूर लावलेला दगड. यांनी ओट्याला लाथ घातली. कोपरा ढासळला, दगड कलंडला. बायका ओरडत बाहेर धावल्या. त्या गोंधळात यांनी पोरीला कणगीतून काढले, टोचले आणि सायकलवर बसून निघून आले.

हे मला त्यांनीच सांगितले, टेबलाकडे बघत.

मी म्हणालो, "अहो, पोरीच्या जिवासाठीच केलंत ना? कायदाही तुमच्याच बाजूचा आहे."

"टोचल्याची माफी मागायची नाहीच आहे मला," ते म्हणाले. "लाथ मारल्याची मागायची आहे."

पहिल्या रविवारी ते न्हाव्याकडे जाऊन आले. दुसऱ्या रविवारी सायकल बाहेर काढली, हवा भरली आणि पुन्हा आत ठेवली. तिसऱ्या रविवारी माझ्या दारात येऊन म्हणाले, "चला. एकट्याच्यानं होत नाही."

खाडीपर्यंत सायकलींवर आणि पुढे मिठागरांच्या बांधावरून पायी गेलो. गावात शिरलो तशी पोरे पळाली, दारे लागली. म्हातारी अंगणातच होती. ओटा तसाच ढासळलेला. दगड तिने भिंतीशी पाटावर ठेवला होता.

"परत काय मोराला आलास?" तिने विचारले. काय मोडायला आलास, म्हणून.

"आई, मी रागाच्या भरात लाथ मारली. माझं चुकलं." या वेळी आवाजात जरब नव्हती.

"माज्याकडं कशाला मागतंस? तिच्याकडं माग." म्हातारीने दगडाकडे बोट दाखवले. "पर पाया."

एव्हाना दारे किलकिली झाली होती. बांधावर माणसे जमली होती. मला वाटले, वाकतील आणि सुटतील. प्रार्थनेतले इथे कोण बघतेय? पण ते वाकले नाहीत.

"आई," ते म्हणाले, "मी दुसऱ्या देवाचा माणूस. तिच्या पाया पडलो तर ते खोटं होईल. तुम्हाला फसवल्यासारखं होईल. पण ओटा माझ्या पायानं पडलाय. तो माझ्या हातानं बांधून देतो. एवढं करू द्या."

म्हातारी आत निघून गेली. मला वाटले संपले, आता इथून धड बाहेर पडलो म्हणजे मिळवली. पण तिने आतून घमेले आणले आणि त्यांच्यापुढे आदळले.

त्यांनी कोट काढून माझ्याकडे दिला. बांधावरची माती आणली, भिजवली, ढासळलेला कोपरा उभा केला. मग शेणाने सारवायला बसले. म्हातारी थोडा वेळ बघत राहिली आणि तिला राहवेना.

"सारवता पन येत नाय तुला! हात असा फिरव." आणि पदर खोचून ती त्यांच्या शेजारी बसली. ओटा दोघांनी मिळून सारवला. दगड तिने स्वतः उचलून ठेवला, त्यांना हात लावू दिला नाही. त्यांनीही लावला नाही. निघताना नात दाराआडून बघत होती, तिला त्यांनी दंड दाखवायला सांगितले. खपली नीट धरली होती.

हे प्रकरण पनवेलला पोहोचायला दोन दिवस लागले. प्रार्थनेला येणाऱ्यांतले एक वृद्ध गृहस्थ चाळीत येऊन बरेच बोलले. "देवीचा ओटा बांधलास? तू?" भिंतीपलीकडून मला यांचे उत्तर ऐकू आले. "मोडलाही मीच होता." चौथ्या रविवारी प्रार्थनेला त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहिली, असे त्यांच्या बायकोने माझ्या बायकोला सांगितले.

संक्रांतीनंतर खाडीपलीकडच्या पाड्यात देवीची साथ आली. दोन मुले गेली. आम्ही दोघे पुन्हा त्या गावात गेलो, या वेळी सरकारी कामाने, मी नावे लिहायला. मागच्या खेपेस निम्म्याहून अधिक घरांनी पोरे लपवली होती. त्या दिवशी म्हातारी आधीच पारावर बसली होती. तिने स्वतःचा सुरकुतलेला दंड पुढे केला आणि मागे वळून ओरडली, "आना रं पोरांना! डाक्तर रागीट हाय, पन खोटा नाय."

दुपार टळेपर्यंत रांग संपली नाही. त्या गावात साथ शिरली नाही. परत येताना मी हे सगळे त्या ओट्यामुळे झाले म्हणालो, तर ते माझ्यावरच उखडले. "लशीमुळे झालं! ओटा वेगळा, लस वेगळी." मग काही अंतर गेल्यावर आपणहून म्हणाले, "रांग मात्र म्हातारीमुळे."

पुढे तीन वर्षांनी त्यांची बदली घाटावर झाली. एसटीत बसताना कंडक्टरशी ट्रंकेवरून वाद घालत होते, तेच त्यांचे मला शेवटचे दर्शन. पावसाळ्यात त्यांच्या बायकोचे पत्र आले. छातीत कळ येऊन गेले, दौऱ्यावरच.

त्या डिसेंबरात भिंतीपलीकडे दुसरे बिऱ्हाड होते. पहाटे कोणी गात नव्हते. मी ख्रिस्ती नाही, आगमनकाळ माझा नाही. पण पेणला माझा थोरला भाऊ राहत होता, आणि आईच्या दिवसकार्यात झालेल्या एका बोलण्यावरून सहा वर्षे आम्ही एकमेकांचे तोंड पाहिले नव्हते. दुसऱ्या रविवारी मी सकाळची एसटी धरली.

दार भावानेच उघडले. मी पाठ करून आलेले वाक्य विसरलो.

"कोण आलंय?" वहिनीने आतून विचारले.

भाऊ बाजूला सरला आणि आत बघून म्हणाला, "दोन पाट मांड."