सही फोटोच्या मागे

"खाली सन कशापायी टाकला?" चष्मा नाकावर ओढत आप्पांनी विचारलं.

राहू गावात त्यांच्या घराच्या ओट्यावर आम्ही दोघंच. त्यांच्या मांडीवर त्यांचाच मोठा फोटो. माझा शिक्रापूरला स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट साइज. पुण्याच्या एका गॅलरीने माझे काही फोटो प्रदर्शनाला घेतले, तेव्हापासून मी स्वतःला कलावंत समजू लागलो होतो. लेकीच्या कॉलेजसाठी ती आणि बायको पुण्यात राहतात, त्यामुळे यावर हसायलाही घरात कोणी नाही.

गॅलरीच्या मॅडमनी बजावलं होतं, "तो स्टुडिओचा सोनेरी शिक्का नको हं. खालच्या पांढऱ्या पट्टीत सही करा, उजवीकडे. सन टाका. डावीकडे प्रिंटचा नंबर." म्हणजे एका फोटोच्या मोजक्याच प्रिंट काढायच्या आणि ही त्यातली कितवी, ते लिहायचं. कागद कापसाचा, बिनचकाकीचा. त्यावर पेन्सिलच बरी. बॉलपेनची शाई पुढे उडून जाते. माझी सही आजवर फक्त बिलांवर झालेली. रद्दीवर सराव केला, मग श्वास रोखून केली. झकास आली. ती कोणाला तरी दाखवावी म्हणून तळेगाव ढमढेऱ्यावरून गाडी मारत थेट राहूला आलो होतो.

फोटोत आप्पा ओट्यावर बसून एसटीच्या वाटेकडे बघताहेत. संध्याकाळच्या गाडीतून कोणी उतरतंय का, ते रोज बघतात. मुलगा पुण्यात असतो.

"आप्पा, ती माझी सही आहे. फोटो कोणी काढला ते कळावं म्हणून."

"ते कळलं. आन् सन?"

त्यांनी आत भिंतीकडे बोट केलं. तिथे त्यांच्या बायकोचा, काकूंचा फोटो. खाली नाव, जन्म, मृत्यू. माझ्याच स्टुडिओने करून दिलेला. आमच्याकडे फोटोखाली सन येतो तो माणूस गेल्यावर. असे कित्येक फोटो मीच केलेत, आणि हे माझ्याच टाळक्यात आलं नव्हतं.

"दोन सन असत्यात. एक टाकलास, दुसरा कवा टाकतुस?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"ह्यो पुण्यात लागणार. पोरगं बघंल. म्हणंल, म्हातारा गेला आन् कुणी कळवलं बी न्हाई." जरा थांबून म्हणाले, "म्हंजी, येईल तरी."

मग त्यांनीच मान हलवली. "न्हाई. तसलं सांगून कुणाला आणायचं न्हाई. ते पुसून लाव, न्हाईतर लावू नगं."

कापसाचा कागद रबराने खोडला की धागे उठतात, डाग दिसतो. आणि हाच फोटो माझा सगळ्यात चांगला. मॅडमना फोन लावला.

"सही मागे केली तर?"

"चालेल की. मऊ पेन्सिल, कडेला, आणि दाबू नका. पुढे उठाव दिसतो. पण का?"

"माणूस जिवंत आहे."

पलीकडून "बरं," म्हणाल्या.

रात्री स्टुडिओ बंद केल्यावर नवी प्रिंट काढली. सुती हातमोजे घालून ती पालथी केली, खालच्या कडेला हलक्या हाताने सही, सन, नंबर. या वेळी दाखवायला कुठे गेलो नाही.

प्रदर्शन झालं. आप्पांचा मुलगा आला नाही. माझी लेक घाईघाईत येऊन गेली. "बाबा, तुझं नाव कुठंच दिसत नाही," म्हणाली. "मागे आहे," म्हटलं.

नंतर ती प्रिंट आप्पांनाच दिली. त्यांनी फ्रेम करू दिली नाही. ट्रंकेत ठेवतात. कोणी आलं की काढतात, उलटी करतात आणि सहीवर बोट फिरवत सांगतात, "सही मागं हाय बघा. म्हंजी आमी हाय अजून."

बघायला येणारा बहुतेक वेळा मीच असतो.

तेव्हा नव्या फोटोग्राफरांसाठी सांगतो. मागची सही मऊ पेन्सिलीचीच करावी. फक्त, बोट फिरवून फिरवून ती पुसट होते आणि अधूनमधून जाऊन गिरवावी लागते. पेन्सिल आता मी गाडीच्या डिकीतच ठेवतो.