दुकानातला एसी बंद करायला लावणारी आमची सई

मंडळी, आज कॉलर ताठ करून लिहितोय.

सकाळी लेकीला, सईला घेऊन आचऱ्याहून कुडाळला गेलो. बारावी झाली, आता तिला गेमिंगचा लॅपटॉप हवा होता, तोही आमच्या बजेटमध्ये. दुकानदार सगळं मलाच समजावत होता. लाल दिव्यांचा सडपातळ लॅपटॉप बघून मी भुललोच. "ह्यो बरो आसा गो, घेवया!"

सईने त्याच किमतीतला एक जाडजूड, साधा काळाही काढायला लावला. म्हणाली, "काका, दोन्हींवर गेम लावा. आणि एसी बंद करा. आमच्या घरात एसी नाय."

दुकानदार हसला, पण एसी बंद केला. आपल्याकडचा उकाडा तुम्हाला माहीतच आहे! आमचे शर्ट अंगाला चिकटले, दिवेवाला तापला आणि गेम अडखळू लागला. काळा मात्र मजेत चालत होता.

"पप्पा, माका ह्यो होयो."

बिलाच्या वेळी दुकानदाराने पहिल्यांदाच तिच्याकडे बघून विचारलं, "ताई, नाव कोणाचा घालू?"

मीच म्हटलं, "तिचाच घाला. माका तर लाल दिवे आवडलेले!"

खरं सांगा, तुम्हीही दिवेवालाच घेतला असता ना?